आईला कोरोना होऊन गेला की बाळाला काय मिळतं, आणि ते किती दिवस टिकतं

२०२० संपता संपता सिंगापूरची एक बातमी आपल्या इकडच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. एका बाईला मार्चमध्ये कोरोना झाला, तेव्हा ती गरोदर होती, नोव्हेंबरमध्ये डिलिव्हरी झाली तर बाळाला कोरोना नाही पण बाळाच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. बातमी खरी होती. पण फॉरवर्ड होत होत आमच्या बेळगावातल्या शहापूरपर्यंत येईतोवर तिचं 'पोटुशी असताना कोरोना झाला तर बरंच की, बाळाला आयतंच कवच मिळतंय' असं होऊन बसलं होतं आणि ते वाक्य अजून गेलेलं नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते, बायका लोहाच्या गोळ्या न्यायला येतात आणि गोळ्यांपेक्षा जास्त प्रश्न घेऊन येतात, तर परवा कडोलीची एक मुलगी आली, सहावा लागलाय, म्हणते, "तायी, मला एकवीस साली झालेला की कोरोना, आता बाळाला काय बी होत नाही म्हणत्यात घरात सगळी, होय काय?" गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तिला थोडक्यात सांगितलं, पण हे थोडक्यात सांगण्यासारखं नाहीच, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी जे खरं आहे ते. आईकडून बाळाला अँटीबॉडी मिळतात, कोरोनाच्याच नाही, आईला आयुष्यात जे जे झालं किंवा जी जी लस मिळाली त्या बहुतेक सगळ्याच्या मिळतात, आणि हे काही कोरोनात नव्याने कळलं असंही नाही. पॉल अर्लिक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं की आईकडून पिल्लाला असं संरक्षण जातं पण ते तात्पुरतं असतं. हा 'तात्पुरतं' शब्द फॉरवर्डमधून नेहमी गळतो.

आता हे जातं कसं. अँटीबॉडीचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यातला आयजीजी हा एकच प्रकार वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, पलीकडे जातो. वारेच्या वरच्या थरातल्या पेशी आईच्या रक्तातलं पाणी छोट्या छोट्या थेंबांमध्ये आत घेतात, त्या थेंबात आंबटपणा वाढतो आणि तिथे एफसीआरएन नावाचा एक रिसेप्टर असतो तो आयजीजीला पकडतो, पलीकडे बाळाच्या बाजूला नेतो, तिथे आंबटपणा नसतो म्हणून तिथे सोडून देतो. बाकीच्यांना तो पकडतच नाही. आयजीएम म्हणजे पाच तुकडे जोडलेली मोठी अँटीबॉडी, ती जात नाही, आयजीए जात नाही. लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कसं होतं, ई-पास असला तर गाडी पुढे, नाहीतर तुम्ही कितीही मोठे असा परत कागलकडे, तसंच आहे हे, आणि इथे पास फक्त आयजीजीकडे.

म्हणून बाळाच्या नाळेतल्या रक्तात आयजीजी सापडलं तर ते आईकडून आलेलं धरतात, आणि आयजीएम सापडलं तर शंका येते की बाळाला पोटातच लागण झाली की काय आणि त्याने स्वतः बनवलंय की काय. मार्च २०२० मध्ये वुहानच्या डॉक्टरांनी ६ बाळांबद्दल लिहिलं होतं, ५ जणांत आयजीजी वाढलेलं आणि त्यातल्या २ बाळांत आयजीएमसुद्धा, स्वॅब मात्र सगळ्यांचे निगेटिव्ह, त्यावरून जगभर चर्चा झाली होती. पुढे मोठे अभ्यास आले तेव्हा चित्र जास्त स्पष्ट झालं. फिलाडेल्फियाच्या एका हॉस्पिटलमध्ये एप्रिल ते ऑगस्ट २०२० मध्ये बाळंत झालेल्या १४७१ आया आणि त्यांच्या बाळांचं रक्त तपासलं, ८३ आयांमध्ये कोरोनाच्या अँटीबॉडी होत्या, त्यातल्या ७२ जणींच्या बाळांतही आयजीजी सापडलं, म्हणजे ८७ टक्के, आणि एकाही बाळात आयजीएम नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, त्या ८३ पैकी ५० जणींना कसलीच लक्षणं नव्हती, म्हणजे ताप नाही खोकला नाही, तरी त्यांच्या बाळांपर्यंतही अँटीबॉडी पोचल्या. म्हणजे जोरात आजारी पडलं तरच बाळाला मिळतं असं काही नाही.

आपल्या बेळगावातही हे काम झालंय, हे कितीजणांना माहीत आहे कुणास ठाऊक. इथल्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजातली जी टीम अनेक वर्षं खेड्यापाड्यातल्या गरोदर बायकांवर संशोधन करते (बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा २००६ सालचा जगभर गाजलेला अभ्यास आपल्याच जिल्ह्यातल्या पीएचसींमधला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांमधला), त्यांनी कोरोनात दुसऱ्या देशांतल्या सेंटरांबरोबर डिलिव्हरीच्या वेळी बायकांच्या अँटीबॉडी तपासल्या, आणि कितीतरी जणींची कधी कोरोनाची तपासणीच झाली नव्हती तरी रक्तात अँटीबॉडी होत्या. आपल्याकडे खरंच किती पसरला होता ते यावरून कळतं.

पण सगळं कळीचं आहे ते लागण कधी झाली यात, आणि फिलाडेल्फियाच्या अभ्यासातही तेच दिसलं, लागण आणि डिलिव्हरी यात जितके जास्त दिवस तितकं बाळाकडे जास्त गेलं. कारण असं, लागण झाल्यावर आईच्या अंगात आयजीजी पुरेसं तयार व्हायलाच साधारण दोन आठवडे जातात, आणि मग ते वारेतून जायला वेळ लागतो. हे जाणं साधारण तेराव्या आठवड्याच्या सुमाराला थोडं थोडं सुरू होतं, सातव्या महिन्यानंतर वाढतं आणि शेवटच्या चार आठवड्यांत सगळ्यात जास्त. पूर्ण दिवस भरलेल्या बाळात कधी कधी आईपेक्षाही जास्त आयजीजी असतं. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात झालेल्या बाळाला हा शेवटचा वाटा मिळतच नाही, आणि गरज तर त्यालाच जास्त.

माझ्या डोळ्यासमोर दोन बाळंतपणं आहेत, दोन्ही २०२१ ची.

एक माझ्या धाकट्या बहिणीचं. ती गडहिंग्लजला दिलेली, एप्रिलच्या शेवटी तिला पाचव्या महिन्यात कोरोना झाला, ताप, वास गेलेला, पण घरीच बरी झाली. पुढे आठव्या महिन्यात माहेरी आणायची तर संकेश्वरमार्गे यायला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा, दाजींनी ते सगळं धावपळ करून जमवलं. सप्टेंबरमध्ये मुलगी झाली, दिवस भरून. म्हणजे लागण आणि डिलिव्हरी यात चार महिन्यांच्या वर अंतर, अँटीबॉडी जायला भरपूर वेळ.

दुसरं आमच्या गल्लीतल्या मागवाल्यांच्या सुनेचं. मे महिना, दुसरी लाट पेटलेली, तिला नववा संपत आलेला. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात नेलं, तिथे स्वॅब घेतला तर पॉझिटिव्ह, आणि त्याच रात्री डिलिव्हरी. आता हिशेब करा, लागण होऊन जेमतेम काही दिवस, तिच्याच अंगात अँटीबॉडी तयार व्हायच्या होत्या, बाळाला कुठून जाणार. वारेतून त्या बाळाला कोरोनाविरुद्ध फारसं काही मिळालेलं नसणार. आणि वर त्या दवाखान्यात बाळ तिच्यापासून वेगळं ठेवलं, पावडरचं दूध सुरू केलं, तिला सांगितलं तू पाजायचं नाही. ती पलीकडच्या खोलीत, दूध भरून अंगावरचं ब्लाऊज ओलं, सासूबाई बाहेर पोर्चमध्ये उभ्या, आणि कुणी कुणाला काही सांगत नाही. मला हे लिहिताना अजून राग येतो. कारण २०२० पासूनच जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की आई पॉझिटिव्ह असली तरी बाळ आईजवळ ठेवा, मास्क लावून, हात धुवून अंगावर पाजा, दूध थांबवू नका. म्हणजे वारेतून मिळालं नाही ते एक, आणि जे दुधातून मिळू शकत होतं तेही अडवलं.

दुधाचं थोडं नीट सांगते, कारण यात गोंधळ खूप आहे. दुधातून जाणाऱ्या अँटीबॉडी वेगळ्या, त्या मुख्यतः आयजीए. त्या बाळाच्या रक्तात जात नाहीत, तर तोंड, घसा, आतडं यांच्या आतल्या अस्तरावर राहून जंतूला तिथेच अडवायला मदत करतात. कोरोना झालेल्या आयांच्या दुधात त्या सापडल्या आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकात आयजीए सगळ्यात जास्त असतं, आणि आपल्याकडे अजून काही घरांत तोच चीक पिळून टाकतात आणि बाळाला मधाचं बोट लावतात. काउंटरवर उभी राहून मी आज्ज्यांशी यावर किती वाद घातलेत. मध वर्षाच्या आत द्यायचाच नाही, आणि चीक टाकायचा नाही.

आता 'किती दिवस' या मुद्द्यावर येते. आईकडून रक्तात आलेलं आयजीजी बाळ स्वतः बनवत नाही, त्यामुळे ते फक्त कमी कमी होत जातं, महिन्याभरात निम्म्याच्या आसपास, मग त्याच्या निम्मं. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात ती यामुळेच, त्याआधी आईच्या गोवराच्या अँटीबॉडी बाळात शिल्लक असल्या तर लसच नीट काम करत नाही. कोरोनाबाबत बोस्टनमध्ये अभ्यास झाला, २०२२ च्या सुरुवातीला छापून आला, त्यात बाळं ६ महिन्यांची झाल्यावर रक्त तपासलं. गरोदरपणात कोरोनाची लस घेतलेल्या आयांच्या २८ पैकी १६ बाळांत अँटीबॉडी अजून होत्या, म्हणजे ५७ टक्के. आणि लस न घेता नुसता कोरोना झालेल्या आयांच्या १२ पैकी फक्त एका बाळात. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण फरक बघा. 'कोरोना झाला तर बरंच की' म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

आणि 'बरंच की' म्हणताना आईचा विचार कुणीच करत नाही. आयसीएमआरच्या मुंबईच्या संस्थेने गरोदर आणि बाळंतीण बायकांची नोंद ठेवली होती, १५३० जणींची, पहिल्या लाटेत त्यातल्या ०.७ टक्के दगावल्या आणि दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. शंभरातल्या जवळजवळ सहा. घरटी एखादी पोटुशी सून असते आपल्याकडे, तिच्या जिवावर हा व्यवहार? गरोदर बाईला कोरोना जास्त जड जातो, आयसीयू लागण्याचं प्रमाण जास्त, दिवसाआधी डिलिव्हरी होण्याचं प्रमाण जास्त, आणि दिवसाआधी झालं की वर म्हटलं तसं बाळाला अँटीबॉडीही कमी. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आपल्याकडे गरोदर बायकांना लस घ्यायला परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. त्याआधी मे महिन्यात पाजणाऱ्या आयांना मिळाली होती. माझ्या बहिणीला त्याच गरोदरपणात लागण होऊन गेलेली म्हणून त्या वेळच्या नियमाप्रमाणे डिलिव्हरी झाल्यावर लगेच लस घ्या असं सांगितलं गेलं, तिने बाळाच्या बाराव्या दिवसानंतर घेतली. आईचा आमच्या किती विरोध. "ओल्या बाळंतिणीला सुई टोचतात काय कुठं, दूध आटलं म्हणजे?" दूध वगैरे काही आटलं नाही. दोन दिवस अंग दुखलं, आईने शेगडीचा शेक दिला, अळिवाची खीर दिली, झालं.

मग जानेवारी २०२२, तिसरी लाट, आमच्या घरात आधी दाजींना सर्दी, मग सगळ्यांना, आणि चार महिन्यांची आमची छकुली तापली. रात्री अकराला बहिणीने मला उठवलं, "अक्का, हिचं अंग बघ की." आई म्हणते थांबा सकाळपर्यंत, हिला आईकडून मिळालंय की, डॉक्टरच म्हणाले होते. आम्ही थांबलो नाही. आमचे बालरोगतज्ज्ञ कन्नड-मराठी मिसळून बोलणारे, त्यांनी तपासलं, ऑक्सिजन बघितला, श्वास मोजला, दूध पितेय का विचारलं आणि म्हणाले, "एनू आगोदिल्ल री (काही होत नाही हो), पण बरं केलं आणलं ते." टेस्ट पॉझिटिव्ह आली. दोन-तीन दिवसांत ती खडखडीत बरी झाली. आता ती आईच्या अँटीबॉडीमुळे लवकर बरी झाली की ओमिक्रॉन एरवीही बऱ्याच बाळांना सौम्यच जात होता, हे एका बाळावरून कुणी सांगू शकत नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. पण अँटीबॉडी असूनही लागण होऊ शकते हे मात्र आमच्या घरात सगळ्यांनी बघितलं. एक तर चार महिन्यांत त्या उतरलेल्या, दुसरं म्हणजे ओमिक्रॉनचा स्पाइक, म्हणजे विषाणूवरचे काटे, इतका बदललेला की जुन्या विषाणूवर तयार झालेल्या अँटीबॉडी त्याला पूर्वीसारख्या धरत नव्हत्या.

याच काळातला अमेरिकेचा आकडा आहे, जुलै २०२१ ते जानेवारी २०२२ मधला. आईने गरोदरपणात लसीचे दोन डोस घेतलेले असतील तर सहा महिन्यांच्या आतलं बाळ कोरोनाने अॅडमिट होण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी कमी दिसली. आणि जी बाळं कोरोनाने अॅडमिट झाली त्यातल्या ८४ टक्के बाळांच्या आयांनी लस घेतलेली नव्हती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कोरोनाची लस कुठेच देत नाहीत, त्यामुळे त्याला जे काही मिळायचं ते आईमार्फतच.

बाळाची अँटीबॉडी टेस्ट करून घ्यावी का असंही विचारतात. करू नका. ज्या आकड्याच्या वर बाळ सुरक्षित असा काही आकडा ठरलेला नाही, उगाच त्या एवढ्याशा हातातून रक्त काढायचं आणि रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचून घरच्यांनी निर्धास्त व्हायचं. त्यापेक्षा खोकणारे पाहुणे बारशाला बोलावू नका, त्याचा जास्त उपयोग आहे.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, ते तर आपण सगळ्यांनी घेतलंय. पूर्वी टीटी म्हणायचे, आता टीडी. ते आईला का देतात? आईसाठी आहेच, पण आईच्या अंगात तयार झालेलं आयजीजी वारेतून बाळात जावं आणि नाळ कापताना काही घाण लागली तरी बाळाला धनुर्वात होऊ नये म्हणून. आमच्या आज्जीच्या पिढीत विळ्याने नाळ कापायचे आणि आठवड्याभरात बाळं दगावायची, घरोघरी अशी एखादी गोष्ट आहे. २०१५ मध्ये भारतातून आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं, त्यात या इंजेक्शनचा वाटा फार मोठा. म्हणजे आईला टोचून बाळाला वाचवायचं हे आपल्या आशा कार्यकर्त्या, नर्सबाई कित्येक वर्षं करतायत. कोरोनाच्या लसीला मात्र याच घरांनी 'पोटातल्या बाळाला काय झालं म्हणजे' म्हणून दार लावलं.

तर कडोलीच्या त्या मुलीला मी काय सांगितलं. २०२१ ची लागण आता जुनी झाली, त्यातलं थोडंफार आयजीजी तुझ्या बाळाला जाईलही, पण आत्ताच्या विषाणूसमोर त्यावर काही धरून बसू नको, कोरोनाच्या लसीचं तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. मग तिचं 'तायी कार्ड' बघू म्हटलं, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते नोंदणीचं कार्ड. टीडीचा पहिला डोस झालेला, दुसरा राहिलेला, तो पीएचसीत फुकट मिळतो, या आठवड्यातच घे. फ्लूची लस आणि डांग्या खोकल्यासाठी टीडॅप, ही दोन्ही गरोदरपणात घेता येतात, बाहेर विकत घ्यावी लागतात, टीडॅप सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांच्या मध्ये घेतलं की बाळाला जास्तीत जास्त जातं. आणि बाळ तीन महिन्यांच्या आत असताना ताप आला तर आईकडून मिळालंय म्हणून घरात कुणी थांबवलं तरी थांबायचं नाही, त्याच वेळी डॉक्टर.

ती कार्डावर पेनाने लिहून घेत होती. मग म्हणाली, "तायी, टीडॅप केवढ्याला बसतंय?" किंमत सांगितली, जरा गप्प झाली, नवरा उद्यमबागला फाउंड्रीत आहे, पगार दहा तारखेला. तिला आता चोविसावा आठवडा चालू आहे, म्हणजे वेळ आहे. दहा तारखेनंतर ये म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी घेऊन ये, मी मागवून फ्रिजमध्ये ठेवते.